कानातला आवाज

योगीराजनं बसवेश सरांचा गुडघा फोडला तो लोखंडी गजानं, भर दुपारी, आणि त्याआधी त्यांच्याशी एक शब्दही न बोलता.

घाटनांदूरच्या पलीकडचा तो डोंगर राधाकिशन अण्णांना खडी क्रशरसाठी हवा होता. अण्णा म्हणजे त्या भागातलं मोठं प्रस्थ. जमीन, ट्रॅक्टर, माणसं, सगळं बक्कळ. योगीराज त्यांच्या जीपमधला सगळ्यात तयार गडी. तो युसूफ वडगाव या गावचा, आडदांड, हात उचलायला मागंपुढं न बघणारा. आणि बसवेश सर घाटनांदूरच्याच किराणा दुकानदाराचा थोरला मुलगा. हिमाचलात जाऊन पॅराग्लायडिंग शिकून आलेला. वडिलांच्या नावचा माळ त्याच डोंगरावर होता, तिथं त्यानं उड्डाणाची शाळा काढली. माळ विकायला तो तयार नव्हता. दोनदा निरोप गेला, दोनदा नकार आला. तिसऱ्यांदा जीप गेली.

सर तेव्हा उड्डाणाच्या तयारीत होते. हार्नेसचे पट्टे अंगाला आवळलेले, मागं जमिनीवर केशरी कापडी पंख पसरलेला. योगीराज चालत गेला आणि त्यानं सरांच्या उजव्या गुडघ्यावर गज घातला. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. सर खाली कोसळले. योगीराजनं दुसऱ्या पायासाठी गज उचलला, आणि रागाच्या भरात आडव्या येणाऱ्या दोऱ्यांचा झुबका डाव्या मुठीत धरून तोडायला ओढला. तेवढ्यात दरीतून वाऱ्याचा लोट आला. पंख फाडकन फुगला, डोक्यावर उभा राहिला, आणि योगीराजचे पाय जमिनीवरून सुटले.

कितीसा वर गेला असेल? पुरुषभर. पण त्या क्षणात त्याच्या अंगाखाली काहीच नव्हतं. मग हार्नेसमधल्या सरांच्या वजनानं पंख कलंडला आणि वाऱ्यानं त्याला खडकावर आपटला. पुढचे दात गेले, दोऱ्यांनी बोटं हाडापर्यंत कापली. जीपमधून आलेल्या भारतनं आणि बाकीच्या पोरांनी त्याला उचलून जीपमध्ये टाकला. सर तिथंच ओरडत राहिले.

सरांनी कोर्टात त्याच्याकडं बोट दाखवलं. अण्णांनी त्याची ओळखसुद्धा दाखवली नाही, पण बोभाटा झाल्यावर क्रशरचा नादही सोडला. योगीराज आत गेला. बराकीत रोज कुणाचं ना कुणाचं डोकं फुटायचं, त्यात त्याचाही हात असायचा. पण झोपला की त्याला पाय सुटल्याचं तेच स्वप्न पडायचं. घामानं भिजून उठायचा आणि पुन्हा तेच पडावं म्हणून डोळे मिटायचा.

शिक्षा भोगून बाहेर आला तो सरळ सरांच्या दारात. वर्षाराणी, सरांची बायको, अंगणात चटणी कुटत होती. तिनं त्याला ओळखलं आणि हातातला लोखंडी बत्ता तसाच फेकून मारला. कपाळ फुटलं. रक्त डोळ्यात उतरलं तरी तो हलला नाही.

"सर, मला उडायचं शिकायचंय."

सर काठी टेकत दारात आले. उजवा पाय सरळच राहायचा, गुडघ्यात वाकत नव्हता. पळता येत नाही त्याला उड्डाण करता येत नाही. खाली उभं राहून, वॉकीटॉकीवर बोलून, ते आता फक्त दुसऱ्यांना उडवत होते. त्यांनी बराच वेळ योगीराजकडं पाहिलं.

"उद्या सकाळी डोंगरावर ये," ते म्हणाले.

वर्षाराणीनं दार असं आपटलं की चौकट हादरली.

पहिले कित्येक आठवडे जमिनीवरच गेले. पंख उभा करायचा, डोक्यावर तोलायचा, पुन्हा खाली घ्यायचा. योगीराजला वाटलं होतं, हे ताकदीचं काम आहे. तो ओढायचा. पंख त्याच्याहून जोरात ओढायचा आणि बाभळीच्या काट्यांतून त्याला फरफटत न्यायचा. पाठ सोलून निघायची. एकदा वैतागून त्यानं पंखाला लाथ घातली. सरांची काठी सपकन त्याच्या मनगटावर बसली.

"त्याचा गळा धरू नको बे! लगाम धरल्यावानी धर. आन् लाथ परत घातली तर दुसरं मनगट मोडीन."

योगीराजच्या मुठी वळल्या. कुणी असं मारून आजवर चालत गेलं नव्हतं. पण त्यानं मान खाली घातली आणि दोऱ्या सोडवायला बसला.

मग छोट्या टेकाडावरून उड्या. मग अर्ध्या डोंगरावरून. दिवाळीनंतर एकदा सकाळी सर्वात वरच्या कड्यावरून. कानात सरांचा आवाज असायचा. 'पळ. पळ. बसू नको, पळत ऱ्हा. आता सोड. डावीकडं बघ, मग डावा ब्रेक. हळू.' तो आवाज म्हणेल तसे हात ब्रेकच्या दोऱ्या खेचायचे. उरलेल्या वेळी सर त्याच्याशी एक शब्द बोलत नसत. उतरल्यावर त्याच्यासमोर काठीनं मातीत पंख काढायचे. एक बाजू मिटली तर काय करायचं, हे त्याच्या तोंडून वदवून घ्यायचे, चुकला की काठी.

"डावी बाजू मिटली. बोल."

"अंग उजवीकडं टाकायचं. उजवा ब्रेक जरासा. सरळ झाल्यावर डावा खोल पंप."

"पुन्हा बोल."

पौषातल्या एका दुपारी ऊन कडक पडलं होतं. काळ्या रानावरून गरम हवेचे झोत उठत होते. एरवी सर अशा वेळी विद्यार्थ्याला सोडत नसत. त्या दिवशी म्हणाले, "जा."

योगीराज उडाला तसा झोतात सापडला. डोंगर, माळ, सरांची काठी, सगळं बघता बघता खाली गेलं. त्याला हसू फुटलं. आणि मग वर कुणीतरी चादर झटकावी तसा आवाज झाला. पंखाची डावी बाजू मिटून खाली लोंबली. तो डावीकडं गरकन फिरला, एक गिरकी, दुसरी, जमीन आणि आकाश एकमेकांत मिसळले.

"सर! सर, डावी गेली! सर, बोला!"

कानात फक्त खरखर.

"सर!"

कड्याचा काळा खडक अंगावर आला. योगीराजनं अंग उजवीकडं फेकलं. उजवा ब्रेक जरासा. गिरकी थांबेना. अजून अंग टाकलं, इतकं की बरगडी कडकन वाजली. गिरकी थांबली. डावा हात कमरेखाली खेचला, सोडला, पुन्हा खेचला. पंख फट करून उघडला. तोवर खाली बाभळीचं बन आलं होतं. त्याच्या शेंड्यांना घासत तो पलीकडच्या नांगरटीत ढेकळांवर आदळला. तोंडात माती आणि रक्त.

तो माती थुंकत उठून बसला. मग बकल सोडलं, वॉकीटॉकी तपासली. चालू होती. बॅटरी भरलेली.

तो डोंगर चढून वर आला तेव्हा सर आपल्या खुर्चीत बसले होते. वॉकीटॉकी मांडीवर. योगीराजनं कॉलर धरून त्यांना खुर्चीतून उचललं आणि जमिनीवर आपटलं.

"कावून बोलला न्हाई?"

"बटनावर अंगठा व्हता माजा," सर म्हणाले. आवाज थंड होता. "दाबला न्हाई."

योगीराजनं नाकावर बुक्की मारली. हाड मोडल्याचं त्याला मुठीत कळलं. रक्त सरांच्या पांढऱ्या शर्टावर ओघळलं. त्यानं पाय उचलला, तो शाबूत गुडघ्यावर.

"मोड," सर रक्त गिळत म्हणाले. "एक मोडलास, ह्यो बी मोड. तुला कावून शिकवायला घेतलं म्हाईत हाय? दारात उभा व्हतास तवाच ठरवलं. म्हनलं, आपल्या आवाजावर वर जाईल. मग एक दिवस आवाज बंद करायचा."

योगीराजचा पाय तसाच अधांतरी राहिला. मग त्यानं तो खाली टेकवला आणि बाजूला वळून भडाभडा ओकला. दोघंही धापा टाकत राहिले. वारा पडला होता.

"आता बरं वाटलं का?" सरांनी विचारलं.

"न्हाई."

"मला बी न्हाई वाटलं. तू वर गरगर फिरत व्हतास, आन् मी हितं बसून तुला काय करायचं ते सांगत व्हतो. मोठ्यानं. नुसतं बटन दाबलं नव्हतं."

योगीराजनं हात दिला नाही, त्यांनी मागितलाही नाही. सर काठी शोधून आपले आपणच उठले.

पुढचे काही दिवस तो घरात पडून राहिला, बरगडीला फडकं गुंडाळून. भारत येऊन गेला. "अण्णा इलेक्शनला बोलावतेत. चल, गज तुजीच वाट बघतोय," म्हणाला. योगीराजनं भिंतीकडं तोंड केलं. तेव्हा भारतनं त्याच्या दुखऱ्या बरगडीत लाथ घातली आणि थुंकून गेला. परत मारावं असं योगीराजला वाटलं. वाटलं तेवढंच.

बरगडी भरत आल्यावर तो डोंगरावर गेला. सरांचं नाक वाकडं बसलं होतं. वॉकीटॉकी हातात होती.

"आज बोलनार का तुमी?"

"बोलतो."

"आन् न्हाई बोलला तर?"

"तर तुला येतंय की."

योगीराजनं हेल्मेट घातलं. बकल तीनदा ओढून तपासलं. कड्याच्या टोकाशी उभा राहिला आणि थांबला. मागं वळून सरांचा अंगठा बघावा असं वाटत होतं. त्यानं बघितलं नाही. तो पळाला. पाय सुटले तसा कानात आवाज आला, "सरळ ऱ्हा. लई घाबरलास बे. श्वास घे."

माघात बाहेरगावचा परीक्षक आला. लेखी पेपरात योगीराज आधी आपटला, वाऱ्याचे नियम पाठ करून पुन्हा बसला. उड्डाणात मात्र त्यानं पंखाची दोन्ही टोकं मुद्दाम मिटवून उंची घालवली, आठचे आकडे काढले, आणि खुणेच्या चुन्यावर टाच टेकवून उतरला. परीक्षकानं टाळ्या वाजवल्या. सरांनी नाही.

परवाना आला त्या दिवशी सरांनी तो त्याच्या हातात ठेवला.

"आता तू पायलट हाईस."

"सर, मी हितंच राहू? पोरांना शिकवायला हात लागतील तुमाला."

"न्हाई."

"सर..."

"तू डोंगरावर आलास की वर्षाराणीच्या गळ्याखाली घास उतरत न्हाई. आन् मी रोज अंगठ्याकडं बघतो. विद्या दिली तुला, पुरी दिली. माफी माज्याजवळ न्हाई. साताऱ्याकडं एका शाळेत सांगून ठिवलंय, तिकडं जा." सरांनी काठीनं कड्याकडं दाखवलं. "आजचं वारं चांगलं हाय. पंख तुजाच समज."

योगीराजनं पाया पडायला वाकावं की नाही, ते त्याला ठरवता आलं नाही. तो पंख घेऊन कड्यावर गेला.

त्या दिवशी झोतामागून झोत मिळत गेले. घाटनांदूर मागं पडलं. कानात आवाज नव्हता, वॉकीटॉकी त्यानं सरांच्या खुर्चीवरच ठेवली होती. बऱ्याच वेळानं आपल्या युसूफ वडगावची पाण्याची टाकी दिसली. हवा मंदावली होती. तो गावाबाहेरच्या, उशिरा पेरलेल्या तुरीत उतरला, उभं पीक लोळवत.

रानाची मालकीण तुळजाबाई विळा घेऊन धावत आली. शिव्या तोंडात तयार होत्या. त्यानं हेल्मेट काढलं, तिनं तोंड बघितलं आणि जागीच थिजली.

"अण्णांचा योगीराज?" ती मागं सरकली. "मोडू दे दादा तूर. काय न्हाई म्हनत मी. काय न्हाई."

"काकू, मी अण्णांचा न्हाई."

ती अजून मागं सरली. पदर तोंडाशी धरला.

योगीराजनं पंख गुंडाळून बांधावर ठेवला. मग तो गुडघ्यांवर बसला आणि लोळलेलं एकेक झाड उभं करून बुडाशी माती दाबू लागला. जी मुळातून मोडली होती ती बाजूला काढली. ऊन उतरेपर्यंत त्याचं काम चाललं. तुळजाबाई बांधावरून बघत होती. ती जवळ आली नाही, पण विळा तिनं खाली ठेवला होता.