लाईट जाण्याआधीची सिस्टीम

केदारखेड्याच्या कचरूला ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्या कंपनीत नोकरी पाहिजे होती, अन् जो तो विचारायचा, "अनुभव किती?" अरे, नोकरीच न्हाई तर अनुभव काय झाडाला लागतो? शेवटी त्यानं घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर स्वतःचीच सिस्टीम लिहिली. गावात लाईट यायची अन् लगेच जायची, म्हणून ती डोळ्याचं पातं लवायच्या आत सुरू व्हायची अन् पडद्यावर 'राम राम' म्हणायची.

पुण्याच्या कंपनीचे मुकुंदराव जालन्यात मुलाखती घ्यायला आले, तेव्हा कचरूनं त्यांच्या कॉम्प्युटरात आपली फ्लॉपी घातली अन् बटण दाबलं. लगेच 'राम राम'! साहेब खुर्चीतून उठलेच.

"आमची सुरू होईपर्यंत माझा चहा संपतो! बरं, आता पुढं?"

कचरू आशेनं पंख्याकडं बघू लागला. अन् खरंच लाईट गेली! त्यानं सुटकेचा सुस्कारा सोडला. पण कोपऱ्यातल्या मेल्या इन्व्हर्टरनं सगळं बराबर चालूच ठेवलं. पडद्यावर 'राम राम' तसंच.

"पुढं काय?" साहेबांनी पुन्हा विचारलं.

"साहेब," कचरू घाम पुसत म्हणाला, "आमच्याकडं एवढ्या वेळात लाईट जाऊन सगळं बंद पडतं. पुढचं लिहायची कधी गरजच पडली न्हाई."