सोन्याच्या भावाचं घड्याळ

अनंतराव खोटं बोलत नाहीत, हे सिव्हिल लाइन्समधल्या त्या सरकारी कचेरीत शिपायानंसुद्धा छातीवर हात ठेवून सांगितलं असतं. एकोणीस वर्षांत त्यांनी कधी आजारपणाची खोटी रजा टाकली नव्हती. असा हा माणूस आयुष्यात एकदाच खोटं बोलला, आणि तेही मित्राच्या विधवेसमोर, तिनं केलेला चहा पिता पिता.

अनंतरावांना घड्याळांचा नाद होता. महाल नावाच्या जुन्या वस्तीत दोन खोल्या, ना बायको ना पोर, आणि लोखंडी पेटीत मलमलीत गुंडाळलेली एकतीस घड्याळं. पगार झाला की लोक बायकोला फुलं घेऊन घरी जात, हे गृहस्थ जुन्या बाजारात कुणाच्या तरी पथारीपुढे उकिडवे बसून गंजलेली यंत्रं कानाला लावत. पण ज्या घड्याळावर त्यांचा खरा जीव जडला होता ते त्या पेटीत नव्हतंच. ते रोज कचेरीत त्यांच्या समोरच्या खुर्चीत, त्यांच्या मित्राच्या, देवरावांच्या मनगटावर बसलेलं असायचं.

देवरावांचे वडील गिरणीतल्या एका गोऱ्या साहेबाचे कोचमन होते. साहेबानं मायदेशी परतताना आपल्या हातातलं घड्याळ काढून त्यांना दिलं. अस्सल सोन्याचं, पण दोन रुपये एकावर एक ठेवावेत एवढंच जाड. दुधी तबकडी, केसासारखे बारीक दोन निळे काटे, सेकंदाचा काटा नाहीच. मेजवानीला जाताना घालायचं नाजूक घड्याळ ते, आणि देवराव ते बांधून सायकल हाणत कचेरीत यायचे. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. सकाळी नऊला चावी द्यायची, एवढं एक व्रत ते पाळत. एकदा साफ करून देतो म्हणून अनंतरावांनी त्याची पाठ उघडली, आतला नंबर टिपून घेतला आणि मुंबईच्या एका जाणकाराला पत्र टाकलं. उत्तर आलं की ही घड्याळं फारच थोडी निघाली, आपल्या देशात दुसरं असल्याचं ऐकिवात नाही, वाटेल ती किंमत देणारे लोक आहेत. ते पत्र अनंतरावांनी पेटीच्या तळाशी घातलं आणि देवरावांकडे त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

एकाहत्तर साली भाद्रपदात देवराव काविळीनं गेले. शेवटचे नऊ दिवस अनंतराव त्यांच्या उशाशी बसून होते, आणि त्या नऊ दिवसांत त्यांच्या मनात घड्याळाचा विचार एकदाही आला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. मित्रावर त्यांची माया होती. गड्यानं डोळे मिटले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून लहान मुलासारखे रडले.

मार्गशीर्षात देवरावांच्या बायकोनं, कुसुमताईंनी, त्यांना सक्करदऱ्याला घरी बोलावलं. मुलीचं, ताराचं, लग्न भिवापूरला जमलं होतं. कुसुमताईंनी रुमालात बांधलेलं ते घड्याळ पुढे ठेवलं. मरण्याच्या आदल्या दिवशी देवराव म्हणाले होते की ह्याचं काही करायची वेळ आली तर अनंताला विचार, तो सांगेल तसं कर. म्हणून त्या विचारत होत्या, ह्याला काही वेगळी किंमत येते का?

अनंतरावांनी घड्याळ हातात घेतलं. ते चालू होतं. कुसुमताई रोज नऊला त्याला चावी देत होत्या.

"जुनं झालं आहे, वहिनी," ते म्हणाले. "सोन्याचा जो भाव, तेवढीच याची किंमत."

बेत मनात एका क्षणात शिजला होता. लगेच मागितलं तर शंका येईल. चार आठवडे जाऊ द्यावेत, मग सहज विषय काढावा, बाहेर कशाला देता, ओळखीत राहील, मीच घेतो म्हणावं, आणि सोन्याच्या भावावर थोडे चढेच देऊन वर उपकारही करावा. ते घाई करू नका म्हणाले आणि उरलेला चहा पिऊन निघाले. वाटेत ते गुणगुणत गेले. पुढे किती वर्षं त्यांना त्या गुणगुणण्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली.

चार आठवड्यांनी ते फंडातून पैसे काढून, नवा सदरा घालून गेले. कुसुमताई हसतमुखानं आत गेल्या आणि कुंकवाची एक चपटी पितळी डबी घेऊन आल्या.

"भाऊजी, तुम्ही सांगतलं का सोन्याचीच किंमत हाये, तवा माह्या जिवाचा घोर गेला," त्या म्हणाल्या. "इतवारीच्या नत्थूजी सोनाराले देऊन टाकलं. तारीचे झुमके झाले त्याच्यात. पण आतलं मशीन त्याले तोडू नाही देलं. म्हटलं, आमच्या भाऊजीले याचं लय कौतुक हाये, हे त्यायचं."

नत्थूजीनं शेजारच्या घड्याळजीकडून यंत्र नीट सोडवून घेतलं होतं. डबीत कापसावर ते पडलं होतं. दुधी तबकडी, निळे काटे, चावीचं बोंडसुद्धा जागच्या जागी. सोन्याची कडा नव्हती, पाठ नव्हती, काच नव्हती. अंगावरचं कातडं सोलून काढलेल्या जिवासारखं ते उघडं दिसत होतं, आणि चालत होतं.

अनंतराव डबीवर वाकून यंत्राकडे पाहत राहिले. त्यांना मित्राची आठवण आली असेल असं समजून कुसुमताईंनी पदर डोळ्यांना लावला. तारा आतून झुमके घालून दाखवायला आली. बाबांचे आहेत म्हणाली. छान आहेत, असं ते म्हणाले, आणि खिशातले पैसे खिशातच ठेवून घरी आले.

मग चार महिने ते यंत्र महालातल्या त्या खोलीत रोज सकाळी नऊला चावी घेत राहिलं. बाकीच्या एकतीस घड्याळांना अनंतरावांनी हात लावला नाही. ती एकेक करून बंद पडली.

लग्न वैशाखात, दारीच मांडव घालून. दोन दिवस आधी कुसुमताईंचा निरोप आला. अनंतराव गेले तेव्हा त्या परातीत तांदूळ घेऊन अक्षतांना हळदकुंकू लावत होत्या. मुहूर्त गोरज, सहा बेचाळीसचा. भटजींपाशी घड्याळ घेऊन कुणीतरी आपलं माणूस उभं राहायला हवं. बाप असता तर त्याच्याच मनगटावर पाहिलं असतं. तेव्हा भाऊजींनी ती डबी घेऊन यावं, पोरीचं लग्न बापाच्याच घड्याळावर लागू द्यावं, एवढीच त्यांची मागणी होती.

तिथं अनंतरावांचा धीर सुटला. मुंबईच्या पत्रापासून फंडाच्या पैशांपर्यंत सगळं त्यांनी सांगून टाकलं. ते घड्याळ तसंच्या तसं विकलं असतं तर ताराचं लग्न दोनदा झालं असतं, हेही लपवलं नाही.

कुसुमताईंचे लाल हात परातीत थांबले.

"काहून जी?" त्यांनी विचारलं.

"मला ते हवं होतं."

कुसुमताईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर अनंतरावांना बरं वाटलं असतं.

"तुम्ही नुसतं मागतलं असतं तरी देलं असतं," त्या म्हणाल्या. "नऊ दिवस बसले तुम्ही त्यायच्यापाशी. मी तुमाले नाही म्हटलं असतं का?" मग त्यांनी तांदळात पुन्हा हात घातला. "तारीले सांगू नका. तिले वाटते बापानं कानातलं देलं. तिचं तेवढं राहू द्या. अन् डबी घेऊन या लग्नात."

लग्नाच्या दिवशी अनंतराव भटजींशेजारी उघडी डबी घेऊन उभे राहिले. कुसुमताई सर्वांना अक्षता वाटत आल्या. त्यांच्याही हातावर मूठभर ठेवल्या, पण वर पाहिलं नाही. हातात डबी होती म्हणून त्यांनी अक्षता सदऱ्याच्या खिशात घातल्या. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं सुरू झाली आणि पहिल्याच 'सावधान'ला चारी बाजूंनी तांदूळ उडाले. एक दाणा तबकडीवर पडला. मिनिटकाटा त्याला अडणार, तोच अनंतरावांनी तो नखानं उडवला आणि दुसऱ्या हाताचा तळवा डबीवर धरला. काच असती तर ही वेळ आली नसती.

बोटांच्या फटीतून ते वेळ पाहत होते. चाळीस झाले. एकेचाळीस. समोर तारा मान खाली घालून उभी होती आणि तिच्या कानांत ते झुमके हलत होते. बेचाळीसला त्यांनी भटजींकडे पाहून मान हलवली. अंतरपाट दूर झाला, वाजंत्री सुरू झाली, आणि सक्करदऱ्यातल्या झाडून साऱ्या माणसांनी त्या पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. अनंतरावांचे दोन्ही हात डबीत अडकले होते.

रात्री घरी येऊन त्यांनी सदरा खुंटीला लावला तेव्हा खिशातून मूठभर लाल तांदूळ जमिनीवर सांडले.