गुरुजींची तक्रार

गटात त्यांना सगळे गुरुजी म्हणत. खरं तर त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि शिकवण्याशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता. पण खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळणाऱ्या पन्नासेक हौशी लोकांच्या त्या फोनवरच्या गटात कुणी काही विचारलं, की पहिलं उत्तर त्यांचं येई. तेही लांबलचक, मुद्देसूद आणि थोडा दम भरलेलं. नवीन प्रवाळ घरी आणल्यावर काय करावं, यावरचं त्यांचं टिपण तर नव्या माणसाला गटात शिरल्याशिरल्याच मिळे. घाई करणाऱ्याने या फंदात पडू नये, असं त्यात त्यांनी ठणकावून लिहिलं होतं.

आणि त्या रविवारी घाई केली ती गुरुजींनीच.

त्याचं असं झालं, की साडूभाऊ जेवायला येणार होते. साडूभाऊंनी गेल्या खेपेला टाकीसमोर उभं राहून म्हटलं होतं, "एवढ्या खटाटोपापेक्षा टीव्हीवर समुद्र बघावा की माणसाने! पाणी बदलायला नको, काही नको." बायकोची बहीण हसली होती, बायकोही हसली होती. गुरुजींनी ते मनात ठेवलं. म्हणून रविवारी सकाळीच ते गटातल्याच प्रवाळताईंकडे गेले आणि दगडी प्रवाळाचे तीन तुकडे घेऊन आले. जांभळा, हिरवा आणि टोकाला निळी झाक असलेला एक.

दगडी प्रवाळ दिसायला झाडाची फांदी, पण असतो प्राणी. आत चुन्याचा सांगाडा, वर कागदासारखं पातळ मांस आणि त्यावर शेकडो बारीक तोंडं. पाणी बदललं, उजेड बदलला, की बिचकतो. ताई एका शाळेची प्रयोगशाळा सांभाळायच्या आणि घराच्या मागच्या खोलीत हे प्रवाळ वाढवायच्या. पिशव्या हातात देताना त्या म्हणाल्या होत्या, "माझ्याकडे दिवे मंद असतात, लक्षात ठेवा हं. अर्थात तुम्हाला काय सांगायचं!"

घरी पोचेपर्यंत बारा वाजून गेले होते. एक वाजता पाहुणे. गुरुजींनी पिशव्या पाच मिनिटं टाकीत तरंगवल्या न तरंगवल्यासारख्या केल्या. थेंब थेंब पाणी मिसळणं नाही, औषधाच्या पाण्यात बुडी नाही. तिन्ही तुकडे सगळ्यात वरच्या खडकावर, दिव्यांच्या बरोबर खाली चिकटवले आणि रंग उठून दिसावेत म्हणून दिवे पूर्ण केले.

"हा जांभळा तर खोटाच वाटतो," साडूभाऊ म्हणाले आणि दुसऱ्यांदा वाढून घेण्याआधी पुन्हा एकदा टाकीपाशी जाऊन आले. गुरुजींचं पोट त्यानेच भरलं.

चौथ्या दिवशी टोकं पांढरी पडली. सहाव्या दिवशी हिरव्या तुकड्याचं मांस भिजल्या कागदासारखं सुटायला लागलं. आठवड्याच्या शेवटी तीन पांढऱ्या काड्या उरल्या.

"त्या दिवशी तुम्ही ते नळीबिळीचं काही केलं नाहीत ना?" बायकोने विचारलं.

"तुला काय कळतं त्यातलं?" गुरुजी खेकसले. तिने पुन्हा विचारलं नाही.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा त्यांनी गटात फोटो टाकला. तेवढंच करायचं होतं, हळहळ व्यक्त करायची होती. पण लगेच कुणीतरी लिहिलं, 'गुरुजी, तुमच्याकडेसुद्धा?' त्या 'सुद्धा'ने ते तिरमिरले. अंगठा आपोआप चालला: 'सगळं नियमाप्रमाणे केलं होतं. मालच रोगट असावा. घेणाऱ्यांनी जपून.' नाव लिहिलं नाही, पण तुकडे कुठून आणले ते सगळ्या गटाला ठाऊक होतं. एवढ्यात एक म्हातारे गृहस्थ वाचायचा चष्मा घ्यायला आले आणि गुरुजी त्यांना अगदी प्रेमाने फ्रेमा दाखवत बसले.

संध्याकाळी ताईंचा फोन आला. त्या भांडल्या नाहीत. वहीपेन घेऊन बसल्यासारखं विचारत गेल्या.

"ठिबक किती वेळ लावलं होतंत?"

"पाऊण तास."

"औषधाची बुडी?"

"दिली ना."

"आणि दिवे?"

"मंद. खाली वाळूवर ठेवले होते."

"मग खोट माझ्याकडेच आहे," ताई म्हणाल्या. "बरं झालं सांगितलंत. बघते मी."

फोन ठेवल्यावर गुरुजींना चक्क हायसं वाटलं. हे त्यांना पुढे कितीतरी दिवस खात राहिलं. खोटं बोललो ते बोललोच, पण त्यानंतर हायसं वाटलं.

तीन आठवड्यांनी, शनिवारी दुपारी, दाराची घंटा वाजली. दारात ताई, हातात थर्माकोलचा डबा.

"फोन करायला हवा होता, पण म्हटलं घरी असाल," त्या म्हणाल्या. "बदली तुकडे आणलेत. चालेल ना, मीच टाकीत सोडले तर? म्हणजे माझ्याच डोळ्यांसमोर होईल."

नाही कसं म्हणणार? बायकोने खुर्ची दिली, ताई जमिनीवरच बसल्या. डब्यातून तीन पिशव्या काढून त्यांनी टाकीत तरंगत ठेवल्या आणि घड्याळ बघितलं. वीस मिनिटं. मग पिशव्या एका भांड्यात रिकाम्या केल्या, बारीक नळी टाकीत सोडली, तोंडाने ओढून पाणी चालू केलं आणि नळीला सैलसर गाठ मारली. गाठीतून टप, टप, टप असं टाकीचं पाणी भांड्यात पडायला लागलं. गुरुजी शेजारी उकिडवे बसले होते. हे सगळं त्यांनीच लिहून ठेवलेलं होतं, शब्दन् शब्द.

"हे तुमच्याकडचेच?" काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं.

"नाही हो. माझ्याकडचे आता कुठले!" ताई गाठ किंचित आवळत म्हणाल्या. "तुमचा फोन झाला आणि मला काही सुचेना. तुमच्यासारख्यांकडे मरतात म्हणजे रोगच. मूळ फांदोरे होते ना, नखाएवढ्या तुकड्यांपासून नऊ वर्षं वाढवलेले, ते तिन्ही काढून टाकले. रोग पसरला असता तर सगळी टाकी गेली असती. ज्यांना ज्यांना त्यातले तुकडे दिले होते, त्यांना फोन केले, की बाबांनो, वेगळे काढा. हे चार वर्षांपूर्वी एकाला दिले होते, त्याच्याकडे धडधाकट आहेत. त्याच्याकडून मागून आणले तुमच्यासाठी."

बायको चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली होती. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. कपांकडे बघत होती.

"ताई," ते म्हणाले, "दिवे जरा जास्तच होते बहुतेक त्या दिवशी."

"जरा म्हणजे?"

"पूर्ण होते."

"वाळूवर ना पण?"

"नाही. वर. सगळ्यात वर." आता शब्द थांबेनात. "ठिबक लावलंच नाही. बुडीही नाही. पाहुणे येणार होते. मी खोटं बोललो तुमच्याशी."

ताईंचा हात गाठीवर होता, तो तिथेच राहिला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. डबा उचलून निघून गेल्या असत्या, तरी चाललं असतं. पण त्यांनी भांड्यातल्या तुकड्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आता यांना अर्धवट सोडता येत नाही."

आणि त्या बसून राहिल्या. भांड्यातलं पाणी दुप्पट व्हायला अजून अर्धा तास होता. तो अर्धा तास गुरुजींनी कसा काढला ते त्यांचं त्यांना माहीत. उठवेना, बसवेना. धरणी दुभंगेल तर बरं, असं माणूस म्हणतो, तसं झालं. ताईंनी एकेक तुकडा औषधाच्या पाण्यात बुडवला, हलवला, उलटा करून बुडाशी किड्यांची अंडी नाहीत ना ते पाहिलं, धुतला आणि खाली वाळूवर, कडेच्या सावलीत ठेवला. भांड्यातलं पाणी टाकीत न ओतता मोरीत ओतलं. दिवे कमी करून घेतले.

"आठवडाभर असेच. मग थोडे थोडे वाढवा," त्या म्हणाल्या. चहा तसाच गार झाला होता. दारात चपला घालताना त्यांनी मागे न बघता विचारलं, "गटात लिहाल?"

"आजच लिहितो."

"लिहा. मला फोन करू नका मात्र."

गुरुजींनी लिहायला घेतलं. पहिला मजकूर पानभर झाला. बायकोने वाचला आणि म्हणाली, "यात साडूभाऊ कशाला आलेत?" त्यांनी साडूभाऊंना काढलं. मग उशीर झाल्याचं काढलं. उरल्या चार ओळी: घाई मी केली, खोटं मी बोललो, ताईंच्या मालात काहीही दोष नव्हता, त्यांचे नऊ वर्षांचे फांदोरे माझ्यामुळे गेले. त्या त्यांनी पाठवल्या.

गटात एकाने एवढंच लिहिलं, 'असो.' दुसऱ्या दिवशी कुणीतरी पंपाबद्दल विचारलं आणि गाडी पुढे गेली. कुणी त्यांना टाकून बोललं नाही. गुरुजी म्हणणंही चालूच राहिलं, पण आता ते ऐकलं की त्यांना चारचौघांत अंगावरचं कापड ओढल्यासारखं होई. उत्तरं द्यायचं त्यांनी बंद केलं.

तुकडे जगले. आठ महिन्यांत जांभळ्याला बोटभर नव्या फांद्या फुटल्या. गुरुजींनी तिन्हींच्या निम्म्या फांद्या कापून वेगवेगळ्या पिशव्यांत भरल्या आणि फोन न करता ताईंच्या दारी गेले.

ताईंनी दार अर्धं उघडलं. त्यांनी पिशव्या बघितल्या. आत या म्हणाल्या नाहीत.

"पाण्याचा खारटपणा किती?"

"पस्तीस. निघायच्या आधी मोजलाय."

त्यांनी पिशव्या घेतल्या, आत जाऊन आपला मापक आणला, एका पिशवीतला थेंब काचेवर टाकला आणि स्वतः पाहिलं. गुरुजी पायरीवर मान खाली घालून उभे राहिले.

"पस्तीसच आहे," ताई म्हणाल्या आणि पिशव्या घेऊन आत गेल्या.