पाच हातांची हळद

लाटसाहेब येतील त्या दिवशी अख्ख्या गावाला पडसं होईल, असा ठराव पांगरखेडच्या म्युनिसिपल कमिटीनं एकमतानं पास केला, तेव्हा नागपूरच्या सरकारनं कमिटीच बरखास्त केली आणि कारभार बघायला एक साहेब धाडला. साहेबानं आल्याआल्या दवंडी पिटवली: चारांहून जास्त माणसांनी एका जागी जमायचं नाही. दुसऱ्याच दिवशी किसनरावांच्या घरचं बारसं ठाण्यात नेऊन बसवलं, पाळण्यासकट.

कौशल्याबाईंना घोर लागला तो तेव्हाच. उद्या त्यांच्या लेकीचं, शारदाचं लग्न. आज हळद दळायची, आणि हळदीला जात्याच्या खुंट्यावर पाच सवाष्णींचे हात एकदम लागतात. चार हातांची हळद लागली असं सुलतानपूरच्या विहीणबाईंना कळलं, की वऱ्हाड वेशीवरूनच परत.

भर दुपारी जातं सुरू झालं आणि कडूबा शिपाई अंगणात येऊन उभा राहिला.

"वहिनी, पाच दिसून राह्यल्या मले."

"मंग?" कौशल्याबाई घराच्या उंबऱ्यातून म्हणाल्या. "तुह्या लग्नात किती होत्या रे?"

"पाचच. पन तवा सरकार झोपेल होतं. आता मही नोकरी जाईन ना."

सवाष्णींतल्या गोजरबाई आरतीत टाळ्या वाजवतानाही झोपायच्या. आताही त्यांची मान कलली होती. हात तेवढा खुंट्याबरोबर गोल फिरत होता.

"ते पाह्य," कौशल्याबाई म्हणाल्या. "गोजरबाई झोपली. झोपलेलं मानूस जमते काय?"

कडूबानं विचार केला. दवंडी त्यानंच पिटली होती. तीत झोपेचं नाव नव्हतं.

"झोपलेलं मानूस पडलेलं रायते," तो म्हणाला. "जमत नाई."

ही बातमी गावभर झाली. माणसं गोधड्या घेऊन येऊ लागली आणि डोळे मिटून अंगणात आडवी होऊ लागली. कमिटीचे बरखास्त अध्यक्ष वामनराव उशी घेऊन आले आणि मधोमध झोपले. जात्याच्या घरघरीत पाचही सवाष्णींचे डोळे लागले. जातं मात्र थांबलं नाही. निंबाची सावलीही त्याच्याबरोबर गोल फिरू लागली आणि हवा हळूहळू पिवळी होत गेली.

तेवढ्यात साहेब आला.

"जागे किती?"

"तुमी, मी अन् वहिनी," कडूबा म्हणाला. "तीन."

या गावात आल्यापासून, कोण कुठं जमतंय या काळजीनं साहेबाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. तो जरासा ओट्यावर टेकला. घरघर ऐकत राहिला. मग त्याचीही मान कलली.

"दवंडी मागं घ्यावी," वामनराव झोपेतच म्हणाले. "कबूल असन त्यायनं हात वर करा."

अंगणभर हात वर झाले. ओट्यावरही एक झाला.

कौशल्याबाईंनी श्वास रोखून जात्याभोवतीची हळद गोळा केली. आधी आत जाऊन शारदाला लावली. मग, दारी आलेला माणूस कोरडा कसा पाठवायचा म्हणून, साहेबाच्या दोन्ही गालांना.

गार लागलं तसा साहेब दचकून उठला. त्यानं अंगण पाहिलं, मग गालाला लावलेली आपली बोटं पाहिली.

"साहेब," कडूबानं अदबीनं विचारलं, "ठान्यात कोनाकोनाले बसवू? तुमच्यापासून धरू?"

साहेब गाल न पुसताच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड आलं. विहीणबाईंनी शारदाची हनुवटी वर करून हळद निरखली.

"पाच हातांची ना?"

"पाची," कौशल्याबाई म्हणाल्या, आणि पिवळ्या गालांनी मांडवाच्या दारात घुटमळणाऱ्या साहेबाला त्यांनी पंगतीला बसवलं. साहेबानं पंगत चारापर्यंत मोजली, आणि डोळे मिटून घेतले.