गणपतरावांचं पुढचं मशीन

गणपतराव काळमेघांनी १९८२ च्या मार्चमध्ये ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही घेतला आणि त्याच वर्षी देशात रंगीत टीव्ही आला. शेजारच्या भैयाजींनी तो लगेच घेतलाही. ही गोष्ट गणपतरावांच्या मनाला इतकी लागली, की त्यांनी पुन्हा कधी कुठलीच वस्तू वेळेवर घेतली नाही. भोगावं लागलं ते मला.

गणपतराव म्हणजे रामदासपेठेतल्या आमच्या बियाणे सोसायटीचे मॅनेजर. मी, शामला, तिथे टेंपररी. खाप्याहून रोज एसटीने यायचं आणि कुठल्या नमुन्यातले किती दाणे उगवले, याचे टक्के दिवसभर हाताने काढायचे. १९८६ साली सोसायटीला कॉम्प्युटर मंजूर झाला. मला तीन महिने पुण्याला शिकायला पाठवलं. मशीन बसलं की ऑपरेटरची कायम जागा निघणार आणि ती मलाच मिळणार, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. अट एकच, त्या दिवशी वय अठ्ठावीसच्या आत हवं. मी पंचवीसची होते. आईने तर पेढे वाटून टाकले.

आधी खोली तयार झाली. काचेचं दार, पडदे, एसी, बाहेर ‘चपला काढाव्यात’ अशी पाटी. गणपतरावांच्या बायकोने मासिकातल्या फोटोवरून अंदाज घेऊन मशीनला कव्हरसुद्धा शिवलं. फक्त मशीन नव्हतं.

“अवं शामला, आता घेतलं तं फसलो आपण,” गणपतराव मासिकावर लाल पेन्सिलीने खुणा करत म्हणाले. “सहा महिन्यांत दुसरं येऊन राहिलं. दुप्पट जोरात चालते म्हणते.”

“सर, आपल्याले टक्केच तं काढायचे हाय.”

“म्हणून काय झालं? घ्यायचं तं एकदाच घ्यायचं.”

दुसरं आलं. तेव्हा त्यांना कळलं, की याची डिस्क लहान आहे, पुढच्याची मोठी असणार. मे महिन्यात आम्ही बाहेर घाम पुसत रजिस्टरं भरायचो आणि त्या रिकाम्या खोलीत एसी चालू असायचा, कारण ऐन वेळी तो बिघडला तर? शिपाई लहानू नियमाप्रमाणे चपला काढून आत जायचा आणि दुपारभर झोपायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. “सर, नोव्हेंबरात मले अठ्ठावीस पूर्ण होते. मंग जागा गेली माझी.”

“तुझ्याचसाठी तं थांबून राहिलो वं! जुन्या डबड्यावर जिंदगी काढशील काय?”

आणि ते खरंच मनापासून बोलत होते. माणूस लबाड असता तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

मग मीच लबाडी केली. कॉम्प्युटर विकणाऱ्या ओमप्रकाशला जिन्यात गाठलं आणि हात जोडून सांगितलं, की सरांना म्हणा, दोन वर्षं नवीन काही येत नाही. तो बिचारा तयार झाला. आत जाऊन अगदी तसंच बोलला. गणपतरावांनी ऑर्डरचा कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं. दाराआड माझा जीव टांगणीला लागला होता.

“म्हणजे याच्या पुढं काहीच नाही?” त्यांनी सहज विचारलं.

आपल्या कंपनीकडे पुढे काहीच नाही, हे काही ओमप्रकाशला सहन झालं नाही. “ऐसा कैसे, सर! जनवरी में जो आ रहा है ना, वो देखेंगे तो...”

गणपतरावांनी पेनाला टोपण लावलं. मला त्या दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली.

मशीन फेब्रुवारीत आलं. नारळ फुटला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कव्हर लहान पडलं. मार्चमध्ये मुकुंद नावाचा बावीस वर्षांचा मुलगा ऑपरेटर म्हणून लागला. त्याने कॉम्प्युटर एकदाच पाहिला होता, तोही दुरून.

“शामला, याले जरा शिकव,” गणपतराव म्हणाले. “अन् तू नाराज नको होऊ. दोन वर्षांत याच्याहून भारी मशीन येते. तवा अजून एक जागा काढू, तुझ्यासाठी.”

“तवा मी किती वर्षांची असीन, सर?”

त्यांनी प्रामाणिकपणे बोटांवर मोजलं. “तीस,” म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. मान खाली घालून ते आपल्या केबिनमध्ये गेले.

“ताई, सुरू कुठून करायचं?” मुकुंदने विचारलं.

मशीन मी सुरू केलं. खुर्चीवर तो बसला.