डब्यात गेलेली हाळी

कोकरू माझ्यामुळं मेलं असं मी म्हटलं की आई म्हणते, डंपरखाली आलं ते, तुझा काय संबंध? संबंध आहे. आधी ऐका, मग तुम्हीच ठरवा.

आम्ही माण तालुक्यातले धनगर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन सांगलीकडं कृष्णाकाठी उतरायचं, पीक निघालेल्या रानात मेंढरं बसवायची आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, हा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. मी तेवढी शहाणी निघाले. सांगलीत वसतिगृहात राहून बारावी सायन्स करते आणि सुट्टीला तळावर जाते.

आमच्या कळपाची एक हाळी आहे, म्हणजे मेंढरांना बोलवायची हाक. ती माझ्या आज्जांकडं होती, त्यांच्याकडं त्यांच्या वडिलांकडून आलेली. ती द्यायची रीत ठरलेली आहे. देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या तोंडाला बिरोबा देवाचा भंडारा, म्हणजे हळद, लावायचा आणि शेवटची हाळी घालायची. त्यानंतर हाळी घेणाऱ्याची. देणाऱ्याच्या गळ्यातून ती पुन्हा निघत नाही. मला ही नुसती मानपानाची गोष्ट वाटायची. सासूनं सुनेच्या हाती किल्ल्या द्याव्यात तशी.

यंदा विज्ञान प्रदर्शनासाठी मी एक डबा बनवला. सोलरवर चालणारा. म्होरक्या वीस मेंढरांच्या गळ्यात पट्टे, पट्ट्यात बारका स्पीकर. कुठलं मेंढरू कुठं भरकटलंय ते पट्टा डब्याला सांगणार आणि आज्जांच्या आवाजावरून शिकलेला प्रोग्रॅम त्याच्या कानाशी हाळी घालून त्याला माघारी आणणार. सरांना कल्पना फार आवडली. फक्त व्हिडिओत थोडी परंपरा दिसू दे, म्हणाले.

आमच्यात नवीन वस्तूला भंडारा लागतोच. ट्रॅक्टरला लागतो, मोबाइलला लागतो. चुलत्याच्या जेसीबीलाही लावला होता, तो मुळात पिवळाच असल्यामुळं दिसला नाही एवढंच. तर मी आज्जांना म्हटलं, कॅमेऱ्यासमोर डब्याला भंडारा लावा आणि लगेच हाळी घाला, छान दिसेल. त्यांनी डब्याच्या जाळीला अंगठ्यानं भंडारा लावला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि लांबलचक हाळी घातली. आपण काय करतोय हे आम्हा दोघांच्याही गावी नव्हतं. डब्याला तोंड असतं असं कुणाला वाटेल?

डबा जरा जास्तच हुशार निघाला. तिसऱ्या दिवशी काजळी नावाची आमची म्हातारी मेंढी कालव्याकडं निघाली होती. डब्यानं तिला एक तुटक, घोगरी हाळी घातली आणि ती जागीच फिरली. मी डब्याला चारच हाळ्या शिकवल्या होत्या. ही त्यांतली नव्हती. आई चूल सोडून बाहेर आली. म्हणाली, ही तुझ्या पणज्याची हाळी, मी नवी नवरी असताना ऐकलेली.

त्याच दिवशी ऊन कलल्यावर आज्जांनी बांधावरून हाळी घातली, तर गळ्यातून नुसती हवा आली. एकाही मेंढरानं मान वर केली नाही. ते पाणी प्यायले, पुन्हा हात तोंडाशी नेले. पुन्हा हवाच. घसा बसला असंल, म्हणाले.

मला त्याच क्षणी कळलं होतं. हे मला कुठं पुसट करून सांगायचं नाही. भंडारा, डब्याची जाळी, शेवटची हाळी, सगळं एका दमात डोक्यात जुळलं आणि मी गप्प बसले. प्रदर्शन अकरा दिवसांवर होतं. ते झालं की बघू, असं मी स्वतःला समजावलं.

आईनं आज्जांना मिरजेला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी घशात कॅमेरा घालून पाहिलं आणि घसा ठणठणीत आहे म्हणून परत पाठवलं. खरंच होतं ते. आज्जांना बोलता येत होतं, खोकता येत होतं, फक्त हाळी येत नव्हती. मग त्यांनीच निष्कर्ष काढला की बिरोबा कोपला. संध्याकाळची भाकरी सोडली. पहाटे थंड पाण्यानं अंघोळ करायला लागले, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. एकदा मला जवळ बसवून म्हणाले, "आपल्या हातनं काय चुकलं असंल गं, अपेक्षा?"

मी मोबाइलमधून मान वर न काढता म्हटलं, "वय झालं तुमचं, आज्जा."

प्रदर्शनाच्या दिवशी मी डबा घेऊन सांगलीला गेले. माझा पहिला नंबर आला. राज्याच्या प्रदर्शनासाठी निवड झाली, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. दुपारी सॅकमध्ये ढाल घालून तळावर आले, तर पालाजवळ पोत्याखाली काहीतरी झाकून ठेवलेलं होतं आणि काजळी त्याच्याभोवती फिरत ओरडत होती. रस्ता ओलांडताना तिचं कोकरू बुजून उलटं, डंपरपुढं धावलं होतं. आज्जांनी हाळी घातली होती, म्हणजे हात तोंडाशी नेले होते. डबा माझ्याकडं होता.

आज्जा पोत्याशेजारी बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, व्हिडिओपासून पणजोबांच्या हाळीपर्यंत. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुला कवा कळलं?"

"तिसऱ्या दिवशी."

"आन् आज?"

"चौदावा."

त्यांनी नुसती मान हलवली. शिवी नाही, थप्पड नाही. थप्पड मिळाली असती तर फार बरं झालं असतं.

मी डबा काढला. जाळीत भंडारा अजून चिकटलेला होता. म्हटलं, हा मी तुमच्या तोंडाला लावते, डबा शेवटची हाळी घालेल, मग प्रोग्रॅम पुसून टाकते. सगळं पहिल्यासारखं होईल. मी नखानं भंडारा खरवडला आणि हात पुढं केला, तर त्यांनी तोंड फिरवलं.

"दिल्याली हाळी माघारी येत न्हाई, पोरी. म्होरं जाती," म्हणाले. मग माझंच मनगट धरून माझंच बोट माझ्या ओठांकडं वळवलं. "आ कर."

भंडारा कडू लागला. मी बटण दाबलं. डबा आज्जांच्या आवाजात बोलला, त्यांच्या भर उमेदीतल्या आवाजात, आणि रानातली सगळी मेंढरं थबकली. आज्जा डोळे मिटून ऐकत होते. हाळी संपल्यावर मी प्रोग्रॅम पुसला. त्यांचा तो उमेदीतला आवाज जगात तेवढाच शिल्लक होता.

सरांना मी फोनवर सांगितलं की प्रोग्रॅम चुकून उडाला. तेवढी थाप अजून माझ्या नावावर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ हलला. आमच्यात ज्याच्याकडं हाळी, तो पुढं चालतो. मागं चालतात कोकरं, लंगडी मेंढरं आणि पोरंसोरं. लहानपणी मी तिथंच चालायचे. आज्जा कुणी न सांगता मागं जाऊन उभे राहिले, एक अशक्त कोकरू खांद्यावर घेऊन. पंचवीस वर्षं हा माणूस सगळ्यात पुढं चालला होता.

मी हात तोंडाशी नेले. वाटलं, देवा, नाही आली तर बरं होईल. पण आली. लांब, मोकळी, माझ्या आवाजातली. काजळी सगळ्यांत आधी माझ्याजवळ आली आणि तिनं माझ्या हाताला तोंड घासलं. मला तो हात मागं घ्यावासा वाटला.

मी वळून पाहिलं. हाळी ऐकून मेंढरांबरोबर आज्जांनीही मान वर केली होती, आणि ते माझ्या मागं चालायला लागले होते.