ताईचा हात

मोठ्या बाई वही घेऊन खोल्याखोल्यांतून फिरायला लागल्या, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. ख्रिस्ती मंडळीचा हा वृद्धाश्रम त्यांनी सव्वीस वर्षं चालवला, आठवड्याभरात निवृत्त होणार, मग आता कसलं लिखाण? आमच्या खोलीत आल्या नि थेट ताईच्या खाटेवर बसल्या.

"आजी, चहा घेतलात का?"

"घेतला की," मीच म्हणाले.

"मी आजींना विचारलं."

"तिचा घसा बसलाय."

घसा कसला बसतोय! ताई माझी थोरली बहीण, वय ब्याण्णव, आणि दोन वर्षांपासून तिला माणसांची नावं आठवत नाहीत. कधीकधी माझंही. हे मी कुणाला कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर तिला मागच्या इमारतीत नर्सांच्या ताब्यात दिलं असतं आणि मी इथे एकटी. जन्मभर आम्ही एका खोलीत झोपलोय. आता ऐंशीव्या वर्षी मी काय भिंतीशी बोलू?

बाईंनी वहीत काहीतरी खरडलं नि हसल्या. ते हसू मला मुळीच आवडलं नाही. त्यांच्या जागी येणाऱ्या नव्या साहेबांना कुणाला मागे हलवायचं याची यादी देऊन जाणार, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी तर खात्रीच पटली. आमच्याकडे रीत आहे. कुणी कायमचं निघालं की प्रार्थनाघरात सगळ्यांत वयस्कर माणसाने त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि नाव घेऊन आशीर्वाद द्यायचा. सगळ्यांत वयस्कर आमची ताई. मी तडक ऑफिसात गेले.

"खालच्या मजल्यावरच्या मास्तरांना सांगा ना. आवाज कसा खणखणीत आहे त्यांचा."

"नाही हो. मला आजींचाच हात हवा."

बघा! नवे साहेब पहिल्या रांगेत बसणार, ताई सगळ्यांदेखत नावाला अडखळणार, की झालं यांचं काम. वरून गोड, आतून पक्की बाई!

समारंभाच्या दुपारी मी ताईला चांगले कपडे घातले, केस विंचरले, बाईंचं नाव चाळीस वेळा घोकून घेतलं. एकेचाळिसाव्या वेळी ती म्हणाली, "कोण गं ही?" मी सरळ दाराला कडी लावली. आश्रमातली कामाची मावशी बोलवायला आली, तिला आतूनच सांगितलं, ताईला चक्कर आलीय. मग बाई स्वतः आल्या.

"दोनच मिनिटं. इथेच, खोलीत घेते आशीर्वाद."

"झोपलीय ती," मी दाराच्या फटीतून म्हणाले. मागे ताई मोठमोठ्याने गात होती.

बाईंनी गाण्याकडे कान दिला. "बरं, झोपू द्या," म्हणाल्या आणि गेल्या. साहेब जिन्यात लपले असतील, मला काय कळत नाही!

तासाभराने साहेब आलेच. हातात तीच वही. "बाई प्रत्येकाबद्दल लिहून गेल्यात. हे तुमचं पान."

मी चष्मा लावला. 'आजींना दोन वर्षं नावं आठवत नाहीत. धाकटी लपवते, लपवू द्यावं. दोघींना कधीही वेगळं करू नये. गरज पडल्यास नर्सने या खोलीत यावं. आश्रमाच्या संचालक मंडळाची मंजुरी घेतली आहे.'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाई कुठायत?"

"गेल्या. आशीर्वाद न घेताच. मास्तर उठले होते, पण त्या नको म्हणाल्या."

साहेबांच्याच फोनवरून लावला. पलीकडून बाईंचा "हॅलो" आला. "चुकलं माझं," कसंबसं एवढं म्हणाले आणि फोन ताईच्या कानाला लावला. "ताई, त्या निघाल्यात. आशीर्वाद दे."

"कोण बोलतंय?" ताईने विचारलं. तिकडून नाव सांगितलं असावं, कारण तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ते नावबिव माझ्या लक्षात राहायचं नाही, बाळ. तू आधी डोकं खाली कर."

आणि तिने समोरच्या मोकळ्या जागेत हात धरला. ताईचा हात अवघडायला लागला, तरी ती तो खाली घेईना. मग मी खालून तिच्या कोपराला आधार दिला.